‘दि साउंड ऑफ म्युझिक’ : गाणें कोणाच्या वांट्याला आलें?

आजीपासून नातवापर्यंत सर्व घरानें एका रांगेंत बसून पाहावेत असे चित्रपट थोडे असतात, आणि अशा चित्रपटावर टीका करूं जाणें म्हणजे सणाच्या पंगतींत बसून पक्वान्नाला नांवें ठेवण्यासारखें असतें. ‘दि साउंड ऑफ म्युझिक’ ह्या अमेरिकन संगीत-चित्रपटाच्या बाबतींत तर ही अडचण फारच मोठी आहे. १९६५ सालीं तो प्रथम दाखविला गेला तेव्हां तिकडील कित्येक टीकाकारांनीं तो साखरेच्या पाकांत बुडविलेला पदार्थ ठरविला. लोकांनीं मात्र तो डोक्यावर घेतला, आणि पुढच्याच वर्षीं उत्पन्नाच्या बाबतींत त्यानें ‘गॉन विथ द विंड’ला मागें टाकलें. तेव्हांपासून हे दोन पक्ष कायम आहेत. एकाला त्यांत दोष दिसत नाहीं, दुसऱ्याला गुण दिसत नाहीं. नायकाचें काम करणारा नट क्रिस्टोफर प्लमर हाच कित्येक वर्षें दुसऱ्या पक्षांत मोडत होता, ही त्यांतली गंमत. आमचें मत ह्या दोहोंहून वेगळें आहे. चित्रपटाच्या गोडव्याबद्दल आमची तक्रार नाहीं. त्यांत दोष आहे, आणि तो मोठा आहे. परंतु गोडव्याची चेष्टा करणाऱ्यांचें तिकडे फारसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं.

मूळ हकीकत खरी आहे. मारिया ऑगस्टा फॉन ट्रॅप ह्या बाईंनीं आपल्या गायक कुटुंबाची कथा १९४९ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. तीवरून १९५६ सालीं जर्मनींत चित्रपट निघाला, आणि १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर संगीत नाटक आलें. त्याचें संगीत रिचर्ड रॉजर्स ह्यांचें व पदें ऑस्कर हॅमरस्टाइन ह्यांचीं. हॅमरस्टाइन पुढच्याच सालीं वारले. हें त्यांचें अखेरचें नाटक. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स ही कंपनी ‘क्लिओपात्रा’च्या (१९६३) खर्चानें डबघाईस आलेली होती, तरी तिनें सुमारें ८२ लक्ष डॉलर ओतून ह्या नाटकाचा चित्रपट काढला. दिग्दर्शन रॉबर्ट वाइज ह्यांचें, पटकथा अर्नेस्ट लीमन ह्यांची. ऑस्ट्रियांतील साल्झबर्ग शहरीं व आसपासच्या डोंगरांत जाऊन, तेथील पावसाशीं झगडत, रुंद पडद्यासाठीं हें चित्रण केलें गेलें. चित्रपट जवळजवळ तीन तासांचा असून त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपट व दिग्दर्शन हीं धरून पांच ऑस्कर पारितोषिकें मिळालीं.

कथानक बहुतेकांस ठाऊक असेल, तरी पुढील विवेचनासाठीं थोडक्यांत सांगतों. मठांत दीक्षेची वाट पाहणारी मारिया गाण्याच्या नादांत नियम विसरते. मठाध्यक्षा तिला जॉर्ज फॉन ट्रॅप ह्या विधुर नौदल-कॅप्टनच्या सात मुलांना सांभाळण्यासाठीं पाठवितात. पत्नी गेल्यापासून कॅप्टननें घरांतून गाणें हद्दपार केलें आहे आणि मुलांना तो शिट्टी वाजवून बोलावतो. मारिया मुलांना गावयास शिकविते; बाप विरघळतो; बॅरोनेस एल्सा ह्या धनाढ्य विधवेशीं ठरलेलें त्याचें लग्न मोडतें व मारियाशीं होतें. इतक्यांत, १९३८ च्या मार्चमध्यें, हिटलर ऑस्ट्रिया गिळंकृत करतो. कॅप्टनला जर्मन आरमारांत रुजू होण्याचा हुकूम सुटतो. तो न जुमानतां सर्व कुटुंब एका संगीत-महोत्सवांतून निसटतें आणि डोंगर ओलांडूं लागतें.

ह्या चित्रपटाचें बळ त्याच्या डोंगरांत आहे असें पुष्कळांस वाटतें. ढगांतून, दऱ्यांवरून तरंगत येणारा कॅमेरा एका हिरव्या माळावर उतरतो आणि हात पसरून गिरकी घेणारी तरुणी आपल्याला दिसते, तो आरंभ डोळ्यांचें पारणें फेडणारा आहे ह्यांत शंका नाहीं. पण शोभा पैशानें विकत मिळते. ह्याच कंपनीनें पुढें ‘डॉक्टर डूलिटल’ (१९६७), ‘स्टार!’ (१९६८) आणि ‘हॅलो, डॉली!’ (१९६९) ह्या तीन चित्रपटांवर पाण्यासारखा पैसा खर्च केला आणि तिन्हींत ती बुडाली. ‘स्टार!’चा तर दिग्दर्शक तोच व नायिकाहि तीच. तेव्हां डोंगर आणि डॉलर एवढ्यानें काम भागत नाहीं हें उघड आहे.

काम भागलें आहे तें गाण्यांच्या बांधणीनें. ‘डो-रे-मी’ हें पद घ्या. आपल्याकडे गवयाच्या घरीं मूल प्रथम सा रे ग म घोकतें, तसाच हा पाश्चात्य सप्तकाचा पहिला पाठ आहे. मारिया प्रत्येक स्वराला घरगुती, मुलांना कळेल असा अर्थ चिकटवून देते. स्वर ओळखीचे झाले कीं त्यांची उलटसुलट गुंफण करून दाखविते. त्या गुंफणीवर शब्द बसविते. आणि शेवटीं दोन निरनिराळ्या चाली एकाच वेळीं गाऊन त्या एकमेकींत कशा बसतात तें मुलांच्या प्रत्ययास आणून देते. म्हणजे पद संपतें तेव्हां स्वर, अलंकार, पद्य आणि स्वरमेळ इतका अभ्यास झालेला असतो, आणि प्रेक्षकालाहि तो नकळत घडलेला असतो. रंगभूमीवर हें सर्व दिवाणखान्यांत चालत असे. वाइज ह्यांनीं तें माळावर सुरू केलें आणि शहरांतून, घोडागाडींतून, उद्यानांतून फिरवीत नेऊन दगडी पायऱ्यांवर आणून संपविलें. स्वर चढतो तसें पाऊल पायरी चढतें. एका पदांत कित्येक दिवस उलटतात. रांगेंत पावलें टाकणारीं मुलें पडद्याच्या कापडाचे कपडे घालून धांवूं लागतात. बदल झाला असें कोणीहि बोलून दाखवीत नाहीं. तो चालींत आणि चालण्यांत दिसतो.

दुसरें उदाहरण याहूनहि बोलकें आहे. मुलें अशा कपड्यांत गांवभर हिंडलीं म्हणून कॅप्टन मारियावर संतापतो, दोघांची बाचाबाची होते, आणि तो तिला घर सोडून जाण्यास सांगतो. त्याच क्षणीं आंतून सूर ऐकूं येतात. मुलें बॅरोनेससमोर गात असतात. कॅप्टन दाराशीं जाऊन उभा राहतो, आणि वर्षांनुवर्षें न वापरलेल्या गळ्यानें मध्येंच त्यांच्यांत सूर मिळवितो. (प्लमरचा गाता आवाज वस्तुतः बिल ली ह्या गायकाचा आहे, परंतु ह्या ठिकाणीं तें मनांत येत नाहीं.) त्यानंतर तो मारियाची क्षमा मागतो, ती केवळ औपचारिक. मनाचा पालट गाण्यांत होऊन गेलेला असतो. संगीत नाटकांत पद कोठें असावें, ह्याचा याहून चांगला वस्तुपाठ आम्हांस ठाऊक नाहीं.

हें आम्ही मुद्दाम म्हणतों, कारण मराठी प्रेक्षकाला ह्या प्रश्नाचा दीर्घ अनुभव आहे. १८८२ सालच्या ‘सौभद्रा’पासून पदाचा आणि प्रसंगाचा झगडा आपण पाहत आलों आहों. बालगंधर्वांच्या काळीं पद रंगलें कीं ‘वन्स मोअर’ची मागणी होई, आणि एकेका पदाची मैफल होऊन कथानक विंगेंत ताटकळत उभें राही. त्या मैफलीचा आनंद ज्यांनीं लुटला त्यांना आम्ही दोष देत नाहीं. परंतु ह्या चित्रपटांत एक वेगळीच युक्ति पाहावयास मिळते. येथें ‘वन्स मोअर’ कथानकच मागतें. कॅप्टन व मारिया ह्यांच्या प्रीतीचें पद झाल्यावर, म्हणजे लग्नानंतरच्या साऱ्या भागांत, एकहि नवें पद नाहीं. जीं आहेत तीं सर्व पूर्वीं ऐकलेलीं. पण प्रत्येकाचा अर्थ बदललेला असतो. मेजवानीच्या रात्रीं मुलांनीं पाहुण्यांचा निरोप घेण्यासाठीं गाइलेलें खेळकर पद महोत्सवांत पुन्हा येतें, तेव्हां तीं खरोखरच देश सोडून चाललेलीं असतात. एकेक जोडी पडद्याआड जाते आणि प्रेक्षक श्वास रोखून मोजीत बसतो. मठवासिनींनीं मारियाच्या खोड्यांची तक्रार करण्यासाठीं म्हटलेलें पदच तिच्या लग्नाच्या मिरवणुकीला वाजतें. ‘एडेलवाइस’ ह्या फुलाचें गाणें आधीं बाप घरांत, मुलीच्या सोबतीनें, हलक्या आवाजांत म्हणतो. तेंच पुढें तो शत्रूच्या अधिकाऱ्यांसमोर हजारोंच्या सभेंत म्हणतो आणि त्याचा गळा दाटून येतो. हें गाणें पुष्कळांना ऑस्ट्रियाचें जुनें लोकगीत वाटतें. तें हॅमरस्टाइन ह्यांनीं ह्याच नाटकासाठीं, आयुष्याच्या अगदीं अखेरीस, लिहिलेलें आहे.

अभिनयाविषयीं थोडेंच लिहितों. ज्यूली अँड्र्यूज हिचा स्वर निर्मळ आहे हें सर्वच सांगतात. तिचे शब्दोच्चार इतके स्वच्छ आहेत कीं इंग्रजीचा जेमतेम परिचय असलेल्यालाहि पद समजतें, हें कमी लोक सांगतात. प्लमरला आपली भूमिका आवडत नव्हती, आणि आमच्या मतें त्यामुळें चित्रपटाचा फायदाच झाला. त्याच्या चेहऱ्यावरील किंचित् कडवट, उपहासाची छटा सगळ्या साखरेंत लिंबाचें काम करते. एलिनॉर पार्कर हिची बॅरोनेस रुबाबदार आहे. तिच्यावर जो अन्याय झाला त्याकडे आतां वळावयाचें आहे.

तत्पूर्वीं किरकोळ गोष्टी. कळसूत्री बाहुल्यांचा प्रवेश देखणा आहे, पण तो गाळला असता तर कोणाचें कांहीं अडलें नसतें. मठाध्यक्षांचें डोंगर चढण्याविषयींचें उपदेशपर पद प्रवचनाच्या पायरीवर जाऊन बसतें. इतिहासाशीं घेतलेल्या स्वातंत्र्याबद्दलहि बरेंच लिहिलें गेलें आहे. खरें लग्न १९२७ सालीं झालें, म्हणजे हिटलर ऑस्ट्रियांत येण्याच्या अकरा वर्षें आधीं. खरी मारिया त्या घरांत आली ती एका आजारी मुलीला शिकविण्यासाठीं. खरा कॅप्टन प्रेमळ होता व घरांत गाणें तिच्यापूर्वींहि होतें. आणि कुटुंब डोंगर चढून गेलें नाहीं, तर आगगाडींत बसून इटलीला गेलें. साल्झबर्गजवळचा तो डोंगर ओलांडणारा माणूस स्वित्झर्लंडांत नव्हे, तर थेट जर्मनींत उतरेल, ही गोष्ट नकाशा पाहणाऱ्या कोणाच्याहि ध्यानांत येईल. परंतु पौराणिक नाटकांवर वाढलेल्या आम्हां मराठी प्रेक्षकांना असल्या फेरफारांत मोठा अपराध दिसण्याचें कारण नाहीं. कॅप्टनच्या मुलांना बापाचें तें कठोर चित्र खुपलें, हें मात्र समजण्यासारखें आहे.

आतां मुख्य आक्षेप. मूळ नाटकांत बॅरोनेस एल्सा आणि कॅप्टनचा मित्र मॅक्स ह्यांना दोन पदें होतीं. पहिल्यांत श्रीमंतांच्या प्रेमाची थट्टा आहे : ज्यांना कशाचीच अडचण नाहीं त्यांचें प्रेम टिकावें तरी कशावर? दुसरें पद राजकारणाचें आहे. जग आपल्या गतीनें फिरत राहणार, तें थांबविणें तुमच्या हातीं नाहीं, तेव्हां ज्यानें त्यानें आपल्यापुरतें पाहावें, असा सल्ला एल्सा व मॅक्स कॅप्टनला देतात, आणि थोडा वेळ कॅप्टनहि त्या पदांत ओढला जातो. चाल हलकी, ठेका धरावयास लावणारी. तिचा डंख नेमका तेथेंच आहे, कारण अर्थ लक्षांत येण्यापूर्वीं प्रेक्षकाचें पाऊल ठेका धरून बसलेलें असतें. नाटकांत एल्साचें व कॅप्टनचें लग्न मोडतें तें ह्याच मुद्द्यावर. ती नव्या सत्तेपुढें वांकण्यास तयार असते, तो नसतो.

चित्रपटांत हीं दोन्ही पदें गाळलीं आहेत. नायक-नायिकेचें एक युगुलगीतहि गाळून त्याच्या जागीं रॉजर्स ह्यांनीं, हॅमरस्टाइन नसल्यामुळें स्वतःच शब्द लिहून, नवें पद दिलें. तो बदल वाईट नाहीं. परंतु एल्सा आणि मॅक्स ह्यांच्या तोंडचें गाणें गेल्यानें सबंध नाटकाचा तोल गेला आहे. चित्रपटांत लग्न मोडतें तें चांदण्या रात्रीं, सज्ज्यांत, कॅप्टनचें मन मारियावर बसलें आहे एवढ्याच कारणानें. मतभेदाची जागा मत्सरानें घेतली. एल्सा ही दोन माणसांच्या मध्यें आलेली श्रीमंत स्त्री उरली, आणि मॅक्स हा फुकटचें खाणारा विनोदी गृहस्थ. जें होणार तें होणारच, हा त्याचा सिद्धांत दोन-चार वाक्यांत येऊन जातो. पण संगीत-चित्रपटांत दोन-चार वाक्यांना किंमत ती किती? ज्याला पद आहे त्याला मन आहे, असा ह्या कलाप्रकाराचा अलिखित नियम आहे. ज्याला पद नाहीं, तो कथेंतील अडथळा होऊन बसतो.

परिणाम असा झाला कीं, ह्या साल्झबर्गांत माणसांच्या दोनच जाति राहिल्या. चांगलीं माणसें गातात. नाझी गात नाहींत. मधला जो फार मोठा वर्ग, सुशिक्षित, सुस्वभावी, संगीताचा शौकीन, उत्तम जेवणारा आणि वेळ आली कीं खांदे उडविणारा, तो मुका झाला. १५ मार्च १९३८ रोजीं व्हिएन्नाच्या हेल्डेनप्लाट्झ ह्या चौकांत हिटलरच्या स्वागतासाठीं प्रचंड जनसमुदाय लोटला होता. ही माणसें कोठून आलीं? चित्रपटांतील महोत्सवांत कॅप्टनचा गळा दाटतो तेव्हां सारी सभा त्याच्याबरोबर देशप्रेमाचें गाणें म्हणूं लागते. प्रसंग हृदयाला भिडणारा आहे. आम्ही तो कोरड्या डोळ्यांनीं पाहिला असें म्हणत नाहीं. तरीहि मनांत येतें कीं, सारें साल्झबर्ग जर असें एका सुरांत गात होतें, तर कॅप्टनला पळून जाण्याची वेळ आणली कोणीं?

हा मुलांबाळांचा चित्रपट, त्यांत असलें राजकारण कशाला, असें कोणी म्हणेल. आम्हांस उलट वाटतें. वादळी रात्रीं भ्यालेलीं मुलें मारियाच्या खोलींत येतात, तेव्हां आवडत्या वस्तूंचें गाणें सुरू होण्याआधीं ह्या चित्रपटानें मुलांची भीति मान्य केलेली असते, आणि म्हणूनच तें गाणें खरें वाटतें. ज्या मुलांना भीति समजते त्यांना भिडस्तपणा समजणार नाहीं, असें कां मानावें? आपल्या घरीं येणारा, खाऊ आणणारा, गमतीचा काका अन्यायाच्या वेळीं गप्प बसतो, हें मुलें आईबापांच्या कितीतरी आधीं ओळखतात. आणि विषयच नको असेल तर तो आणूंच नये. आपल्याकडे १९७२ सालीं गुलजार ह्यांनीं ‘परिचय’ ह्या हिंदी चित्रपटांत असेंच एक शिस्तीचें घर, अशींच बिथरलेलीं मुलें आणि सरगमेवरचें एक पद आणलें. राजकारण मात्र घराबाहेरच ठेवलें. तो चित्रपट लहान आहे, पण आपल्या कुवतीबाहेरचें ओझें त्यानें उचललेलें नाहीं. ‘दि साउंड ऑफ म्युझिक’नें तें उचललें, आणि अर्ध्या वाटेंत अर्धें खालीं ठेवलें.

गंमत अशी कीं, ह्याच पटकथाकाराला एके ठिकाणीं तें पूर्ण पेललें आहे. थोरली मुलगी लीझल हिचा प्रियकर रॉल्फ हा तारा पोंचविणारा पोऱ्या. आरंभीं उद्यानांतल्या कांचेच्या मंडपांत, पावसांत, तो तिच्याबरोबर एक गोड पद म्हणतो. पुढें तो नाझी गणवेशांत दिसतो. नाटकांत शेवटीं लपलेलें कुटुंब त्याला सांपडतें तेव्हां तो लीझलकडे पाहून विरघळतो आणि त्यांना जाऊं देतो. लीमन ह्यांनीं हें उलटविलें. चित्रपटांत मठाच्या दफनभूमींत कॅप्टन त्याच्या हातांतील पिस्तूल काढून घेतो, आपल्याबरोबर चलण्यास सांगतो, तूं कधींहि त्यांच्यांतला होऊं शकणार नाहींस असें म्हणतो; आणि ह्या अखेरच्या शब्दांनीं डिवचलेला तो पोर ओरडून सैनिकांना बोलावतो. येथें चित्रपट नाटकाहून कितीतरी धीट आहे. आणि ही धिटाई पेलते, कारण रॉल्फला आधीं पद मिळालेलें आहे. त्याचा कोंवळा गळा आपण ऐकलेला असतो. म्हणून त्याची आरोळी कानांत राहते. एल्साला आणि मॅक्सला तीं दोन पदें ठेवलीं असतीं, तर हीच गोष्ट साऱ्या शहराविषयीं सांगतां आली असती, आणि चित्रपट फार तर दहा मिनिटांनीं लांबला असता. बाहुल्यांचा खेळ काढून ती जागाहि करून घेतां आली असती.

चित्रपट ऑस्ट्रियांत व जर्मनींत चालला नाहीं, हें प्रसिद्धच आहे. म्यूनिकमध्यें तर कंपनीच्या तेथील व्यवस्थापकाच्या संमतीनें लग्नानंतरचा सर्व भाग कापून टाकण्यांत आला होता : मारिया वेदीशीं पोंचते, घंटा वाजतात, आणि दिवे लागतात. नाझी नाहींत, महोत्सव नाहीं, दफनभूमींतला तो पोरहि नाहीं. ही गोष्ट कंपनीच्या कानीं गेल्यावर कापलेला भाग परत जोडला गेला, आणि त्या व्यवस्थापकाला नोकरी सोडावी लागली.